गाडी पळवणे सोपे, थांबवणे अवघड!

रेल्वेचे इंजिन चालवण्यात अवघड ते काय, असे अनेकांना वाटते. स्टिअरिंग फिरवायचे नाही, कुणाला ओव्हरटेक करायचे नाही. रूळ नेतील तिकडे जायचे. संगणकावरील ट्रेन सिम्युलेटरकडे वळणारा नवशिकाही बहुधा हीच समजूत घेऊन पडद्यासमोर बसतो. सोप्या खेळांत ती खरी ठरतेही. मात्र, खऱ्या इंजिनातील कळा, मापके आणि ब्रेकची यंत्रणा जशीच्या तशी उभी करणाऱ्या तपशीलवार सिम्युलेटरमध्ये ही समजूत पहिल्याच घाटात कोलमडते. हजारो टनांची मालगाडी जागची हलवणे थोड्या सरावाने जमते. तीच गाडी नेमक्या जागी थांबवणे आणि उतारावर आवरून धरणे शिकायला मात्र आठवडेच्या आठवडे जातात. रेल्वेचालकाचे खरे कसब कशात आहे, हे सामान्य प्रवाशाला घरबसल्या उमगण्याचा हा एक उत्तम मार्ग आहे.

खेळापासून अभ्यासापर्यंत

रेल्वे चालवण्याचे खेळ नवे नाहीत. जपानमध्ये १९९६ साली 'तैतो' कंपनीने आणलेला 'देन्शा दे गो' हा खेळ फलाटावर नेमक्या खुणेशी आणि नेमक्या वेळी गाडी थांबवण्याचा होता. जगभरातील रेल्वेवेड्यांना संगणकाकडे वळवले ते २००१ च्या 'मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर'ने. इंग्लंडच्या 'कुजू' कंपनीने घडवलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रिया आणि जपानमधील सहा मार्ग होते. त्यात स्वतःची इंजिने आणि स्वतःचे मार्ग घालण्याची सोय असल्याने हौशी मंडळींनी आपापल्या देशांतील रेल्वे त्यात उभी केली. भारतीय इंजिने आणि डबेही त्यात आले. पुढे स्वयंसेवकांनी तयार केलेल्या 'ओपन रेल्स' या मोफत सॉफ्टवेअरने ही जुनी सामग्री नव्या संगणकांवर चालू ठेवली. अमेरिकी मालगाड्यांना वाहिलेले 'रन ८' किंवा जर्मन रेल्वेवरील 'झूझी' यांसारखे सिम्युलेटर तर खेळापेक्षा अभ्यासाच्या अंगाने जाणारे आहेत.

तपशीलवार इंजिन म्हणजे काय, हे समजण्यासाठी एकच उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या 'इलेक्ट्रो-मोटिव्ह' विभागाने १९७२ पासून बनवलेले 'एसडी ४०-२' हे डिझेल इंजिन सिम्युलेटरप्रेमींच्या विशेष आवडीचे आहे. सहा आसांचे, १६ सिलिंडरचे आणि ३,००० अश्वशक्तीचे हे इंजिन तेथील मालवाहतुकीचा कणा मानले जाई. त्याची रचना भारतीय वाचकाला अगदीच परकी वाटू नये. १९६२ पासून भारतात आलेले आणि पुढे वाराणसीच्या कारखान्यात बनू लागलेले 'डब्ल्यूडीएम-२' हे इंजिन 'अल्को' या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचे; पण १६ सिलिंडर, सहा आस आणि आठ नॉचचा थ्रॉटल ही वैशिष्ट्ये तीच. 'इलेक्ट्रो-मोटिव्ह'ची इंजिनेही १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'डब्ल्यूडीजी-४'च्या रूपाने भारतात दाखल झाली.

डिझेल इंजिन चाके फिरवत नाही

शिकणाऱ्याला पहिली गोष्ट उमगते ती ही की, डिझेल इंजिनातले डिझेल यंत्र थेट चाके फिरवतच नाही. ते अल्टरनेटर फिरवते, त्यातून वीज तयार होते आणि ही वीज आसांवर बसवलेल्या ट्रॅक्शन मोटरना मिळते. म्हणजे असे डिझेल इंजिन हे चाकांवरचे छोटे वीज केंद्रच असते. मोटारीसारखा गिअरबॉक्स त्यात नसतो.

बंद इंजिन चालू करणे हाच एक धडा आहे. बॅटरीचा मोठा स्विच जोडायचा, सर्किट ब्रेकर तपासायचे, विलगीकरणाचा स्विच 'स्टार्ट'वर ठेवायचा, इंधनाच्या नळ्यांत तेल भरेपर्यंत काही सेकंद पंप चालवायचा आणि मगच यंत्र फिरवायचे. एखादा स्विच विसरला, तर यंत्र धडधडत राहते. पण गाडी तसूभरही हलत नाही. कुठे चुकले हे सिम्युलेटर सांगत नाही. शिकणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून एकेक स्विच तपासत जावे लागते. खरा चालकही हेच करतो.

यंत्र सुरू झाले की कॉम्प्रेसर हवा भरू लागतो. मुख्य टाकीतील दाब दर चौरस इंचास १३० ते १४० पौंडांपर्यंत चढतो. तेथून हवा संपूर्ण गाडीच्या लांबीभर गेलेल्या ब्रेक पाइपमध्ये सोडली जाते आणि तिथे ९० पौंडांचा दाब राखला जातो. शंभरेक वाघिणींची गाडी असेल, तर शेवटच्या वाघिणीपर्यंत हवा पोहोचायलाच बराच वेळ लागतो. उतावळ्या माणसाची पहिली परीक्षा येथेच होते.

हिसका टाळण्याचे कसब

आता गाडी हलवायची. रिव्हर्सर पुढे, ब्रेक मोकळे आणि थ्रॉटल पहिल्या नॉचवर. दोन वाघिणींमधील कपलिंगमध्ये थोडी ढील असते. लांब गाडीत ही ढील साठत साठत अनेक फुटांची होते. थ्रॉटल एकदम चौथ्या-पाचव्या नॉचवर नेला, तर पुढच्या वाघिणी वेग घेतात, मागच्या जागीच असतात आणि ढील संपताच असा हिसका बसतो की कपलिंगचा पोलादी आकडा तुटू शकतो. म्हणून पहिल्या नॉचवर थांबून एकेक वाघीण ताणली जाऊ द्यायची आणि संपूर्ण गाडी हलल्याची खात्री पटल्यावर पुढचा नॉच घ्यायचा.

या वेळी नजर ठेवायची ती वेगमापकापेक्षा अँपिअर दाखवणाऱ्या मापकावर. वेग कमी आणि ओढ जास्त असताना मोटरमधून प्रचंड प्रवाह वाहतो. 'एसडी ४०-२'च्या मोटर १,०५० अँपिअरपर्यंतचा प्रवाह सतत सोसू शकतात; त्यापुढे मोजकी मिनिटेच. पूर्ण ताकदीने ओढत असताना वेग ताशी सुमारे ११ मैलांच्या खाली रेंगाळला, तर मोटर तापून निकामी होण्याचा धोका असतो. चढावर गाडी हळूहळू का होईना चालते आहे, म्हणून नवशिका निश्चिंत असतो. मापकाचा काटा मात्र मोटर तापत चालल्याचे सांगत असतो.

हवेचा हिशेब

येथवरचे सारे काही दिवसांत जमते. खरा अभ्यास सुरू होतो तो ब्रेकपाशी. अमेरिकी संशोधक जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८७२ मध्ये आणलेल्या स्वयंचलित एअर ब्रेकचे तत्त्व ऐकायला उलटे वाटते. पाइपमध्ये हवा भरली की ब्रेक सुटतात आणि हवा सोडली की लागतात. प्रत्येक वाघिणीखाली हवेची स्वतंत्र टाकी असते. पाइपमधील दाब टाकीपेक्षा कमी झाला, की झडप उघडते आणि टाकीतील हवा ब्रेक सिलिंडरमध्ये शिरून ब्रेक ब्लॉक चाकांवर दाबते. गाडी मध्येच तुटली आणि पाइप फाटला, तरी दोन्ही भागांचे ब्रेक आपोआप लागतात. लाखो प्रवाशांचे प्राण या एका कल्पनेने वाचवले आहेत.

तिची दुसरी बाजू सिम्युलेटरवर शिकणाऱ्याला फार लवकर भोवते. चालकाने पाइपमधील दाब १० पौंडांनी उतरवला, तर सिलिंडरमध्ये साधारण २५ पौंडांचा दाब तयार होतो. २६ पौंड उतरवले, की पाइप आणि सिलिंडरमधील दाब सारखा होतो; त्यानंतर नेहमीच्या ब्रेकमध्ये आणखी जोर उरत नाही. शिवाय अमेरिकी मालगाडीचा ब्रेक थोडा थोडा सैल करता येत नाही. सोडला की तो पूर्णच सुटतो आणि रिकामी झालेली टाकी पुन्हा भरायला कित्येक मिनिटे लागतात.

समजा, उतारावर वेग वाढू लागल्याने चालकाने १५ पौंडांचा ब्रेक लावला. पाइपमधील दाब ७५ वर आला, टाकीतीलही तितकाच झाला. वेग वाजवीपेक्षा कमी झाला म्हणून त्याने ब्रेक सोडला. मिनिटभरात वेग पुन्हा वाढला. तोवर शेपटाकडील टाक्या जेमतेम ७८ पौंडांपर्यंत भरल्या आहेत. आता त्याने ९० वरून १२ पौंड उतरवले, तरी त्या वाघिणींना ब्रेक लागणारच नाही. कारण त्यांच्या टाकीतला दाब पाइपमधील दाबाएवढाच आहे. म्हणून तो आणखी हवा सोडतो, पुन्हा ब्रेक सोडतो, पुन्हा लावतो. असे दोन-तीनदा झाले, की ब्रेक लावण्यापुरती हवाच गाडीत शिल्लक राहत नाही. ब्रेकचा दांडा हातात असतो, इंजिन ठणठणीत असते आणि गाडी मात्र आवरत नाही. जवळजवळ प्रत्येक शिकाऊ चालकाची पडद्यावरची पहिली घसरण याच कारणाने होते.

भारतीय रेल्वेतील एअर ब्रेकमध्ये ही अडचण तितकी तीव्र नाही. येथे दोन पाइपांची रचना सर्रास वापरली जाते. ब्रेक पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो आणि टाक्या भरलेल्या ठेवणाऱ्या दुसऱ्या पाइपमध्ये ६ किलो दाब असतो. ब्रेक टप्प्याटप्प्याने सैलही करता येतो. त्यामुळे अमेरिकी इंजिनावर शिकलेल्याने भारतीय इंजिन हाती घेतले, तर त्याला काही सवयी सोडाव्या लागतात. एका इंजिनाचे ज्ञान दुसऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाही, हेही तपशीलवार सिम्युलेटरच शिकवतो.

घाट उतरण्याची विद्या

कॅलिफोर्नियातील कहोन खिंडीचा उतार सिम्युलेटरप्रेमींमध्ये प्रसिद्ध आहे. तेथील २.२ टक्के उतारावर गुरुत्वाकर्षण दर हजार टनांमागे २२ टनांच्या बळाने गाडी खाली खेचते. तुलनेसाठी, कर्जत ते लोणावळा यांदरम्यानच्या बोरघाटातील चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के आहे. तेथे दर हजार टनांमागे २७ टनांची खेच असते. बोरघाट चढताना गाडीला मागून जादा इंजिने का लावतात आणि आवर सुटलेल्या गाडीला अडवण्यासाठी तेथे चढावर नेणारे 'कॅच सायडिंग' का बांधले आहेत, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

अशा उतारावर केवळ हवेच्या ब्रेकवर विसंबून चालत नाही. घर्षणाने ब्रेक ब्लॉक तापतात आणि त्यांची पकड कमी होत जाते. यासाठी इंजिनात 'डायनॅमिक ब्रेक' असतो. यात ट्रॅक्शन मोटर जनित्रासारख्या काम करू लागतात. चाके त्यांना फिरवतात, वीज तयार होते आणि छतावरील विद्युतरोधकांत तिची उष्णता होऊन ती पंख्यांनी बाहेर फेकली जाते. यात काहीही झिजत नाही. मात्र, थ्रॉटल शून्यावर आणल्यावर दहा सेकंद थांबूनच तो वापरायचा असतो. शिवाय या जातीच्या इंजिनांत त्याचा जोर ताशी २५ मैलांच्या आसपास सर्वाधिक असतो आणि त्याहून वेग वाढला की तो घटत जातो. थोडक्यात, गाडी हाताबाहेर जाऊ लागते, नेमकी तेव्हाच त्याची मदत कमी होते.

म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करायचा, हवेचा हलका ब्रेक एकदाच लावून तसाच राहू द्यायचा आणि बारीक फेरफार डायनॅमिक ब्रेकने करायचे, ही घाट उतरण्याची सर्वमान्य पद्धत आहे. हवेचा ब्रेक लावला की इंजिनाच्या चाकांनाही तो लागतो; त्यासाठी इंजिनाच्या स्वतंत्र ब्रेकचा दांडा दाबून तेवढी हवा सोडून द्यायची, हेही ध्यानात ठेवावे लागते. अन्यथा इंजिनाची चाके दुहेरी माराने तापतात किंवा घसरतात. जाणकार चालक घाटात वरचेवर ब्रेकला हात लावत नाही. त्याचे बहुतेक निर्णय माथ्यावरच झालेले असतात.

पडद्याबाहेरची किंमत

हे धडे पुस्तकी नाहीत. १२ मे १९८९ रोजी याच कहोन खिंडीतून सदर्न पॅसिफिक कंपनीची एक मालगाडी उतरत होती. ६९ वाघिणींत खनिज भरलेले होते. कागदोपत्री गाडीचे वजन सुमारे ६,१५० टन होते. प्रत्यक्षात ते ९,००० टनांच्या घरात होते. २.२ टक्क्यांच्या उतारावर हा फरक सुमारे ६० टनांच्या खेचेचा होतो. त्यातच सहा इंजिनांपैकी काहींचे डायनॅमिक ब्रेक निकामी होते आणि त्याची पूर्ण कल्पना पुढच्या चालकाला नव्हती. वेग वाढत गेला. अखेर मागच्या इंजिनातून आणीबाणीचा ब्रेक लावला गेला. त्या इंजिनांच्या रचनेनुसार आणीबाणीचा ब्रेक लागताच उरलासुरला डायनॅमिक ब्रेकही बंद पडला. ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने गाडी सॅन बर्नार्डिनो शहरातील डफी स्ट्रीटजवळच्या वळणावर घसरून घरांवर कोसळली. दोन रेल्वे कर्मचारी आणि दोन मुले दगावली. तेथील इंधनवाहिनी २५ मे रोजी फुटली आणि आगीत आणखी दोघांचा बळी गेला.

कॅनडातील लाक-मेगांटिक येथील दुर्घटना तर उभ्या गाडीची होती. कच्च्या तेलाच्या ७२ टाक्या असलेली गाडी ५ जुलै २०१३ च्या रात्री उतारावर उभी करण्यात आली. चालकाने सात हँडब्रेक लावले होते. बाकी भार इंजिनाच्या एअर ब्रेकवर होता. त्या इंजिनाला आग लागली म्हणून अग्निशमन दलाने ते बंद केले. कॉम्प्रेसर थांबला, हवा हळूहळू गळत गेली आणि मध्यरात्रीनंतर गाडी आपोआप चालू लागली. सुमारे ११ किलोमीटर उतरून, ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने ती गावात घसरली. या स्फोटात ४७ माणसे मृत्युमुखी पडली. चालकासह तिघांवर खटला चालला आणि २०१८ मध्ये न्यायालयाने तिघांनाही निर्दोष ठरवले. हवा गळते आणि उभ्या गाडीला आधार हवा तो हँडब्रेकचा, हा नियम सिम्युलेटरवर वाघिणीमागून वाघीण हँडब्रेक आवळताना कंटाळवाणा वाटतो. तो कशासाठी आहे, हे लाक-मेगांटिकने दाखवून दिले.

जे सिम्युलेटर शिकवू शकत नाही

असे असले, तरी सिम्युलेटरवर तरबेज झालेला माणूस रेल्वेचालक होत नाही. खऱ्या चालकाला गाडीतील ढील पाठीला बसणाऱ्या धक्क्यातून कळते, ब्रेकचा अंदाज हवेच्या आवाजावरून येतो आणि चाक घसरल्याचे पायाखाली जाणवते. पडद्यावर यातले थोडेच उतरते. पडद्यावरच्या गाडीचे वजन नेहमी अचूक असते. डफी स्ट्रीटच्या गाडीचे तसे नव्हते. सहकाऱ्याने न सांगितलेला बिघाड, सलग रात्रपाळीचा थकवा आणि रुळावर अचानक आलेला माणूस हे घरच्या संगणकावर सहसा भेटत नाहीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भीती नसते. गाडी घसरली, तर कळ दाबून पुन्हा माथ्यावरून सुरुवात करता येते.

व्यावसायिक प्रशिक्षणात मात्र याच सोयीचा उपयोग करून घेतला जातो. भारतीय रेल्वेसह अनेक रेल्वेंच्या प्रशिक्षण केंद्रांत हुबेहूब केबिन असलेले सिम्युलेटर आहेत. प्रत्यक्षात घडवून आणता येणार नाहीत असे बिघाड तेथे घडवून चालकाची प्रतिक्रिया तपासली जाते. पण त्याला जोड असते ती वर्षांच्या अनुभवाची. भारतात सहायक लोको पायलट म्हणून सुरुवात करणारा उमेदवार आधी मालगाडी, मग पॅसेंजर आणि त्यानंतर मेल-एक्स्प्रेस अशा पायऱ्या चढत जातो.

घरी शिकू इच्छिणाऱ्यांनीही हाच क्रम ठेवणे इष्ट. एकच इंजिन निवडावे आणि त्याची माहितीपुस्तिका नीट वाचावी. सुरुवातीला सपाट मार्गावर दहा वाघिणींची गाडी घेऊन ठरलेल्या खांबाशी थांबण्याचा सराव करावा. ब्रेक लावल्यापासून वेग उतरू लागेपर्यंत किती सेकंद जातात, हे वहीत टिपावे. मग वाघिणी वाढवाव्यात आणि अंदाज कसा चुकत जातो, ते पाहावे. घाटाकडे वळावे ते सर्वांत शेवटी आणि तेथेही आधी रिकाम्या वाघिणी घेऊन. घाईने वेगवान एक्स्प्रेस निवडणाऱ्यापेक्षा या क्रमाने जाणारा लवकर शिकतो आणि पुढच्या वेळी बोरघाट उतरताना गाडी मध्येच का थांबली, असा प्रश्न त्याला पडत नाही.